शेवटचं दीड मिनिट : कबड्डीतला वेळ आणि नियमांतल्या फटी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ बोरी बुद्रुकची ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या भागातल्या मुलांना आधी मैदान आखायला शिकवलं आणि मग खेळायला. सुतळी ताणून धरायची, तेरा मीटर लांबी, दहा मीटर रुंदी, मध्ये रेषा, मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा, दोन्ही बाजूंना एकेक मीटरचं राखीव क्षेत्र, आणि मग फक्की. रेषा वाकडी पडली तर ते पायाने पुसून पुन्हा आखायला लावत. त्यांच्या नावाने बोलायचं तर नियमांवर बोलावं असं मी ठरवलं. त्यातही नियमांमधल्या फटींवर, आणि घड्याळावर.

सुरुवात आपल्या गावापासून फार लांबून करतो. ७ ऑक्टोबर २०२३. चीनमधलं हांगझोऊ शहर, आशियाई क्रीडा स्पर्धा, पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. २०१८ साली जकार्त्यात उपांत्य फेरीत याच इराणने आपल्याला १८-२७ असं हरवलं होतं. १९९० पासून ओळीने जिंकत आलेलं सुवर्ण तेव्हा पहिल्यांदा हातचं गेलं, आणि ते परत आणायचं म्हणून हा संघ गेला होता. आपल्या महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे त्या संघात होते. गुणफलक २८-२८. घड्याळात जेमतेम एक मिनिट. पवन सेहरावतची चढाई, तीही डू ऑर डाय, म्हणजे गुण आणा नाहीतर बाद.

पवन आत गेला, वळला, आणि कोणालाही स्पर्श न होता त्याचा पाय राखीव क्षेत्रात पडला. त्याला धरायला धावलेले इराणचे बचावपटूही त्याच्यामागे तिथे गेले. आता गुण कोणाला? जुना नियम सांगतो की झटापट सुरू होण्याआधी चढाईपटू राखीव क्षेत्रात गेला तर तो बाद, आणि त्याच्यामागे जे बचावपटू गेले तेही बाद. नवा नियम सांगतो की चढाईपटूचा पाय बाहेर पडला त्या क्षणी चढाई संपली, पुढे जे झालं ते मोजायचंच नाही. पंचांनी आधी एक निर्णय दिला, मग तो फिरवला, मग तोही फिरवला. एकदा भारताचे खेळाडू मैदानात बसले, एकदा इराणचे. सामना तासाभराच्या आसपास थांबला. शेवटी जुना नियम धरून भारताला चार आणि इराणला एक गुण दिला गेला, आणि पुढे आणखी एका गुणासह आपण ३३-२९ असे जिंकलो.

सुवर्णपदकाचा आनंद मलाही झाला. पण अनेक वर्षं शिट्टी तोंडात धरलेला माणूस म्हणून सांगतो, तो तास बघवत नव्हता. पवनने काही गैर केलं नव्हतं. इराणच्या मुलांनीही नाही. दोन्ही बाजूंनी आपापल्या हाताशी असलेला नियम धरला होता आणि दोघांचाही नियम कुठे ना कुठे छापलेला होता. आशिया खंडातल्या सर्वोच्च सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला त्या सभागृहात दोन नियमपुस्तकं होती, ही खरी गोष्ट. माझं आजचं म्हणणं याच घटनेभोवती आहे. नियमात फट सापडली तर ती वापरण्याचा खेळाडूला हक्क आहे. ती बुजवण्याचं काम नियम करणाऱ्यांचं आहे, आणि ते त्यांनी सामन्याच्या आधी किंवा नंतर करावं, मध्ये नाही.

आता थोडं मागे जाऊ. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना हुतूतू आठवत असेल. या खेळाचे तीन प्रकार होते. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला गडी जिवंत होऊन परत यायचा. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. अमरमध्ये बाद झालेलाही मैदानातच राहायचा, फक्त गुण मोजले जायचे. यातल्या गामिनीला घड्याळच नव्हतं. ठरलेले लोण (समोरचा अख्खा संघ बाद म्हणजे एक लोण) चढवून होईपर्यंत खेळ चालायचा, मग सूर्य मावळला तरी बेहत्तर. घड्याळ आलं ते संजीवनीबरोबर, आणि आज आपण खेळतो ती कबड्डी मुख्यतः त्याच वाटेने आली. पुरुषांसाठी वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं. या खेळाला महाराष्ट्रात आणि देशात शिस्तीची घडी बसवण्यात शंकरराव साळवी, म्हणजे आपले बुवा साळवी, यांचा वाटा किती मोठा होता हे वेगळं सांगायला नको. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो.

डावाला घड्याळ आलं, तरी चढाईला ते बराच काळ नव्हतं. चढाईचं घड्याळ म्हणजे चढाईपटूचा दम. एका श्वासात जेवढं होईल तेवढं. पंचाचा निम्मा जीव कानात असायचा. दम तुटला की नाही, मध्येच श्वास घेतला का, ओठ हलतात पण आवाज येत नाही, यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी रेषेवरून झाली नाहीत. मग चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. दम घालावाच लागतो, तो नियम गेलेला नाही. मध्यरेषा ओलांडण्याआधी दम सुरू झाला नाही तर चढाई जाते आणि वर समोरच्याला गुण मिळतो. पण चढाईचा शेवट आता घड्याळ ठरवतं. श्वास माणसागणिक कमीजास्त असतो, तीस सेकंद सगळ्यांना सारखे. खेळाचं गणित तेव्हापासून बदललं, कारण जे मोजता येतं त्याचा हिशोब मांडता येतो.

हा हिशोब मला तुमच्यापुढे मांडायचा आहे. मागे उभ्या असलेल्या मुलांनी नीट ऐकावं.

धरा, आपला संघ तीन गुणांनी पुढे आहे, घड्याळात नव्वद सेकंद आहेत आणि चढाई आपली आहे. आपला चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, कारण ती न ओलांडता परतला तर तो बाद. मग तो या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरतो, कोणाच्या अंगाला लागत नाही, आणि अठ्ठाविसाव्या सेकंदाला मध्यरेषेवर परत येतो. रिकामी चढाई. साठ सेकंद उरले. मधले चार-दोन सेकंद सोडून द्या. नियमाप्रमाणे एक चढाई संपली की पाच सेकंदांत दुसरी सुरू व्हायला हवी. समोरचा घाईत आहे. तो दहा सेकंदांत स्पर्श करून किंवा न करून परततो. पन्नास उरले. आपण पुन्हा तीस सेकंद खातो. वीस उरले. आता समोरच्याची शेवटची चढाई. वेळ संपल्याची शिट्टी वाजली तरी सुरू असलेली चढाई पूर्ण होऊ दिली जाते, म्हणून ती त्याला पुरी मिळते. म्हणजे नव्वद सेकंदांत त्याच्या वाट्याला दोन चढाया आल्या. आता नव्वद सेकंदांवर चढाई त्याची असती तर? दहा त्याने घेतले, तीस आपण, दहा त्याने, तीस आपण, आणि शेवटचे दहा त्याचे. तीन चढाया. गुण तेवढेच, वेळ तेवढीच, खेळाडू तेच, पण पाठीमागे असलेल्या संघाला दोन संधी मिळणार की तीन, हे नव्वदाव्या सेकंदाला चढाई कोणाची होती यावर ठरलं. जो कर्णधार हे शेवटच्या मिनिटाला मोजायला लागतो त्याला उशीर झालेला असतो.

यात तिसऱ्या चढाईची मेख आहे. ओळीने दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय. गुण आणा, नाहीतर बाद. वर सांगितलेल्या उदाहरणात आपली त्याआधीची चढाई रिकामी गेली असेल, तर शेवटच्या नव्वद सेकंदांतली आपली दुसरी चढाई डू ऑर डाय ठरते. तिथे भोळा कर्णधार आपला सगळ्यात चांगला चढाईपटू पाठवतो. जाणता कर्णधार विचार करतो की मी तीन गुणांनी पुढे आहे, एक गुण गेला तरी दोनांनी पुढे राहतो, पण मला तीस सेकंद हवे आहेत. तो दुसऱ्या फळीतला गडी पाठवतो आणि त्याला सांगतो, पूर्ण वेळ आत राहा, मग बाद झालास तरी चालेल. एका गुणाच्या बदल्यात तीस सेकंद. आणि आणखी एक गोष्ट. पुढे असलेल्या संघाची चढाई तीस किंवा त्याहून कमी सेकंद उरलेले असताना सुरू झाली आणि पूर्ण वेळ चालली, तर समोरच्याला पुन्हा चढाई मिळतच नाही. मग पाठीमागे असलेल्या संघाने काय करायचं? त्याच्या कोपरारक्षकाने वाट बघत उभं राहायचं नाही. पुढे घुसून पाय धरायचा, हुकला तर हुकला. टीव्हीवर आपल्याला वाटतं की पोरगं उतावीळ झालं. बहुतेक वेळा ते उतावीळ नसतं, त्याने घड्याळ बघितलेलं असतं.

नियमपुस्तकातली मला सगळ्यात आवडणारी तरतूद आता सांगतो. ती इतकी कमी वापरली जाते की पुष्कळ प्रशिक्षकांनाही ती अनोळखी वाटते. भारतीय हौशी कबड्डी महासंघाच्या नियमांत आहे की संघाचे एक किंवा दोनच गडी मैदानात उरले असतील, तर कर्णधार त्यांना स्वतःहून बाद जाहीर करू शकतो. समोरच्याला उरलेल्या गड्यांचे गुण आणि लोणाचे दोन गुण मिळतात. बदल्यात आपला सातजणांचा पूर्ण संघ जिवंत होऊन मैदानात येतो.

ऐकायला हे हार मानल्यासारखं वाटतं. पण जरा जवळून बघा. आपला एकच गडी उरला आहे आणि आपला हुकमी चढाईपटू बाहेर बसला आहे. समोरचा कर्णधार हुशार आहे. त्याला ठाऊक आहे की हा शेवटचा गडी मारला तर लोणाचे गुण मिळतील, पण तो हुकमी चढाईपटूही परत मैदानात येईल. म्हणून तो त्याला मारतच नाही. त्याचा चढाईपटू येतो, तीस सेकंद फिरतो, परत जातो. आपला एकटा गडी चढाईला जातो, तिथे सातजण मागे सरकून उभे, कोणी हात लावत नाही. दोन त्याच्या रिकाम्या, दोन आपल्या रिकाम्या, मग दोन्हीकडच्या तिसऱ्या. पाच-सहा चढाया, म्हणजे अडीच-तीन मिनिटं आपला सर्वात चांगला खेळाडू बाहेर बसून नखं खातो आहे. आता हिशोब करा. तो एकटा गडी पकडला गेला असता तर किती गुण गेले असते? एक त्याचा, दोन लोणाचे, एकूण तीन. आपण त्याला बाद जाहीर केलं तर किती जातात? तेच तीन. किंमत तीच, फक्त तीन मिनिटं आधी भरली. ज्या कर्णधाराला पिछाडी भरून काढायची आहे त्याला गुणांपेक्षा ती तीन मिनिटं मोलाची आहेत. अर्थात तीन किंवा कमी गड्यांनी केलेल्या पकडीला जो जादा गुण मिळतो त्याची आशा तो सोडतो, आणि ती आशा मोठी असते. म्हणून हा निर्णय सोपा नाही, आणि म्हणूनच तो खरा कर्णधाराचा निर्णय आहे.

हीच बुद्धी जगाच्या दुसऱ्या टोकाला कशी चालते ते बघू. अमेरिकेत फुटबॉल नावाचा जो खेळ आहे तो आपल्या फुटबॉलसारखा नाही. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, शंभर यार्डांचं मैदान पार करून पलीकडच्या पट्ट्यात पोचायचं. खेळाला साठ मिनिटं, आणि ते घड्याळ कधी चालतं, कधी थांबतं. फेकलेला चेंडू झेलला गेला नाही की थांबतं, चेंडू घेतलेला खेळाडू रेषेबाहेर गेला की थांबतं, एरवी चालू राहतं. त्यामुळे पुढे असलेला संघ घड्याळ पळवतो आणि मागे असलेला ते थांबवत राहतो.

३ फेब्रुवारी २०१३ ला न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांचा सर्वात मोठा सामना झाला, सुपर बोल. बाल्टिमोर रेव्हन्स ३४-२९ असे पुढे, घड्याळात बारा सेकंद, चेंडू त्यांच्याकडे पण स्वतःच्याच शेवटच्या पट्ट्याजवळ. सरळ लाथेने चेंडू उडवला असता तर समोरच्याने तो अडवण्याची किंवा घेऊन पळत सुटण्याची भीती होती. त्यांच्या सॅम कोक नावाच्या खेळाडूने चेंडू हातात घेतला आणि तो आपल्याच पट्ट्यात इकडून तिकडे फिरत राहिला. सोबत्यांनी समोरच्यांना धरून ठेवलं. आठ सेकंद झाल्यावर तो रेषेबाहेर निघून गेला. त्या खेळात याचे दोन गुण समोरच्याला जातात. ३४-३१. पण उरले चार सेकंद, आणि त्यात काही होणं नव्हतं. दोन गुण देऊन त्यांनी आठ सेकंद खर्ची घातले. आपला कर्णधार तीन गुण देऊन तीन मिनिटं वाचवतो. एकाला वेळ घालवायची होती, दुसऱ्याला मिळवायची, पण व्यवहार दोघांचा एकाच प्रकारचा.

त्या खेळात आणखी एक रीत आहे. सामना जिंकल्यात जमा असेल तर चेंडू हातात आल्याबरोबर गुडघा जमिनीला टेकवायचा आणि घड्याळ वाहू द्यायचं. १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क जायंट्सने तेवढंही केलं नाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटात, जिंकत असताना, चेंडू एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचा डाव खेळले, चेंडू निसटला, समोरच्या हर्मन एडवर्ड्सने तो उचलला आणि गुण करून सामना नेला. त्यानंतर गुडघा टेकवण्याची खास रचनाच रूढ झाली. आपला अठ्ठाविसाव्या सेकंदाला परतणारा चढाईपटू त्याच जातीचा. प्रेक्षक ओरडतात, रटाळ खेळतो म्हणतात. मला ते रटाळ वाटत नाही, कारण त्या अठ्ठावीस सेकंदांत सातजण त्याच्याभोवती जाळं टाकून उभे असतात आणि एक पाय चुकला तर आघाडी जाते.

आता नियम पाळून वेळ घालवणं आणि नियम मोडून वेळ घालवणं यातला फरक. त्याच अमेरिकी खेळात ४ जानेवारी २०२० ला टेनेसी टायटन्स विरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रियट्स असा बाद फेरीचा सामना होता. टायटन्स एका गुणाने पुढे. त्यांच्या प्रशिक्षकाने, माइक व्रेबलने, चेंडू खेळायला मुद्दाम उशीर केला. दंड झाला, पण दंडानंतर घड्याळ पुन्हा चालू. मग मुद्दाम वेळेआधी हालचाल केली. पुन्हा दंड, पुन्हा घड्याळ चालू. असं करत करत दोन मिनिटांच्या आसपास वेळ गेली. हा डाव त्याच मोसमात आधी कोणी खेळला होता? समोर उभ्या असलेल्या पेट्रियट्सच्याच बिल बेलिचिकने, आणि व्रेबल पूर्वी त्याच्याच हाताखाली खेळलेला. २०२० साली तिथल्या व्यावसायिक लीगने नियम बदलून ही फट बुजवली.

दुसरं उदाहरण महाविद्यालयीन स्पर्धेतलं. १२ ऑक्टोबर २०२४, ओरेगन विरुद्ध ओहायो स्टेट. ओरेगन एका गुणाने पुढे, दहा सेकंद बाकी. ओरेगनने बचावाला अकराच्या जागी बारा खेळाडू उभे केले. प्रतिस्पर्ध्याचा डाव फुकट गेला, दंड पाच यार्डांचा झाला, पण गेलेले चार सेकंद परत मिळाले नाहीत. सामना ३२-३१ असा ओरेगनने जिंकला. काही दिवसांतच नियम करणाऱ्यांनी सांगितलं की यापुढे असं झालं तर घड्याळ मागे नेता येईल. पण लक्षात घ्या, यापुढे. त्या सामन्याचा निकाल कोणी बदलला नाही.

माझ्या मते या दोन्ही ठिकाणी खेळाडूंनी मर्यादेच्या काठावर पाय ठेवला. त्यांनी जाणूनबुजून नियम मोडला, कारण दंड स्वस्त होता आणि फायदा मोठा. आमच्याकडच्या मैदानांवर याचं रूप निराळं असतं. न सुटलेली बुटाची नाडी बांधत बसणं. न लागलेला गुडघा धरून लोळणं. बदली खेळाडू मैदानात यायला मुद्दाम वेळ लावणं. पंच म्हणून मी यात आणि अठ्ठावीस सेकंदांच्या चढाईत फार मोठा फरक करतो. चढाईत वेळ घालवणारा गडी पकडला जाण्याचा धोका पत्करून ती घालवतो. नाडी बांधणारा काहीच पणाला लावत नाही. त्याला पंचाने घड्याळ थांबवूनच उत्तर द्यायला हवं. घड्याळ थांबलं की नाडी आपोआप बांधून होते. हक्काचा टाइम-आउट वेगळा. डावात दोनदा तीस-तीस सेकंदांचा मिळतो आणि तो वेळ सामन्यात धरला जात नाही. त्या काळात संघाने मैदान सोडलं तर समोरच्याला गुण जातो, हेही फार जणांना माहीत नसतं.

क्रिकेटचंच बघा. दोन षटकांमध्ये क्षेत्ररक्षक रेंगाळतात म्हणून आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२३ च्या डिसेंबरपासून मर्यादित षटकांच्या सामन्यांत साठ सेकंदांचं घड्याळ सर्वांना दिसेल असं लावायला सुरुवात केली. तिसऱ्यांदा उशीर झाला की पाच धावांचा दंड. घड्याळ फलकावर दिसू लागलं की कोण रेंगाळतंय हे सांगायला पंचाची गरज उरत नाही.

आणि घड्याळ सर्वांना दिसण्याचं महत्त्व जुन्नर-आंबेगावच्या माणसांना मी काय सांगणार? तुमच्या घाटात बैलगाडा सुटतो, झेंडा पडतो आणि सेकंद पुकारले जातात. बारा सेकंद की साडेबारा, हे घाटाच्या दोन्ही अंगांना उभ्या हजारो माणसांना त्याच क्षणी कळतं. गाडामालक वाद घालतील ते बारीवरून घालतील, बैलांच्या वळणावरून घालतील, पण पुकारलेल्या सेकंदावरून रात्रभर घालत नाहीत. इथल्याच कुकडी नदीच्या पात्रात, बोरीला, ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि जगभरच्या अभ्यासकांचं लक्ष इथे वळलं. ती सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची, पाऊण लाख वर्षांच्या आसपासची, की त्याहून कितीतरी जुनी, यावर त्यांच्यात मोठा वाद झाला. पण दोन्ही पक्षांनी आपलं मोजमाप आणि मोजण्याची पद्धत सगळ्यांसमोर उघडी ठेवली. वाद चालला तो त्यामुळेच नीट चालला.

आपल्या यात्रांच्या कबड्डीत मात्र अजून घड्याळ एका माणसाच्या मनगटावर असतं. पंचावन्न किलोचा गट, पासष्ट किलोचा गट, खुला गट, रात्री उशिरापर्यंत सामने, मैदानाभोवती गर्दी, आणि किती वेळ राहिला हे फक्त वेळाधिकाऱ्याला माहीत. शेवटच्या दोन मिनिटांत दोन्ही कर्णधार त्याच्याकडे पळत जातात. तो एकाला सांगतो, दुसऱ्याला सांगेपर्यंत पाच सेकंद गेलेले असतात. मग आरडाओरडा, मग मंडप हलतो. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला आपण किती मिनिटांवर आहोत हे दिसत नाही, त्याने वर सांगितलेला हिशोब करायचा कसा? आणि ज्याला हिशोबच करता येत नाही, तो आवाज चढवतो.

दुसरी अडचण हांगझोऊचीच, आपल्या अंगणातली. आपले खेळाडू टीव्हीवर प्रो कबड्डी बघतात. २०१४ पासून ही लीग चालू आहे, तिचे काही नियम महासंघानेही घेतले, काही तिचे तिच्याकडेच राहिले. मुलगा जे बघतो ते त्याच्या डोक्यात नियम म्हणून बसतं. पंच जुन्या पुस्तकातून शिकलेला असतो. मग राखीव क्षेत्रात पाय पडला की दोघांनाही वाटतं की आपणच खरे. बरोबरीचा सामना झाला तर? पाच-पाच चढाया द्यायच्या, त्यात निदान रेषाच बोनस रेषा धरायची, कोणी बाद होऊन बाहेर जायचं नाही आणि कोणी जिवंतही व्हायचं नाही. तरीही बरोबरी राहिली तर सुवर्ण चढाई. मी असे सामने पाहिले आहेत की पाच चढायांसाठी संघ मैदानात उतरल्यावर आयोजकांची चर्चा सुरू झाली की बोनस धरायचा की नाही. खेळाडू उभे, अंग गार पडतंय, आणि नियम तेव्हा ठरतोय.

म्हणून या व्यासपीठावरून बोरीच्या मंडळाला, आणि पंचक्रोशीत स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्यांना माझं मागणं आहे. सामन्याच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल असं मोठ्या आकड्यांचं घड्याळ ठेवा. ते विकत घेणं जमत नसेल तर एका मुलाला पाट्या घेऊन उभं करा आणि शेवटची पाच मिनिटं दर मिनिटाला, शेवटचं मिनिट दर दहा सेकंदांना पुकारायला लावा. घाटात पुकारतात तसं, मोठ्याने. चढाईचे तीस सेकंद मोजणारा माणूस वेगळा ठेवा, सामन्याची वेळ धरणाऱ्याच्याच गळ्यात ते काम घालू नका. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी एक कागद काढा. त्यावर राखीव क्षेत्राचा नियम कोणता धरणार, तिसरी चढाई कशी मोजणार, जादा पकडीचा गुण देणार की नाही, बाद जाहीर करण्याची मुभा आहे की नाही, बरोबरी झाली तर काय, एवढं साध्या मराठीत लिहा. तो कागद मैदानाच्या कठड्यावर लावा, आणि प्रत्येक सामन्याच्या नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांना वाचून दाखवून त्यावर त्यांची सही घ्या.